वाघ जाताना काढा : येऊरच्या पायथ्याशी चार रविवारांची वारली कार्यशाळा

ठाण्यात पोखरण रस्ता क्रमांक २ वरून येऊरच्या डोंगराकडे ज्या गल्ल्या आत शिरतात, त्यांपैकी एका गल्लीच्या टोकाला आमची गृहनिर्माण संस्था आहे. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या मागच्या कुंपणभिंतीवरून एक बिबट्या गेला आणि त्यानंतर जवळजवळ अडीच महिने आमच्या चारही इमारती भीतीखाली राहिल्या. त्या भीतीवर उपाय म्हणून आम्ही वारली चित्रे आणि नाट्यखेळ यांची एक कार्यशाळा बोलावली. चार रविवार, दर रविवारी सकाळी तीन तास, असे तिचे स्वरूप होते. ती घेणाऱ्या गटात येऊरच्या पाड्यांवर राहणाऱ्या दोन वारली चित्रकार भगिनी आणि ठाण्यात नाटक करणारा एक तरुण, अशी तीनच माणसे आहेत. गटाने स्वतःसाठी अजून नाव घेतलेले नाही, पाटी नाही, छापील पत्रक नाही; आमच्याकडे त्यांना सगळे ‘चित्रवाल्या ताई’ म्हणूनच ओळखतात. अशा कार्यशाळेचा विचार करणाऱ्या डोंगरालगतच्या इतर वसाहतींना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते : दिलेले पैसे आणि दिलेला वेळ दोन्ही सार्थकी लागले. काही गोष्टी मात्र सुधारायला हव्यात आणि त्याही मी लिहिणार आहे.

आधी भीतीविषयी लिहिले पाहिजे, कारण ती निराधार नव्हती. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि मुंबई, ठाणे व घोडबंदरच्या वस्त्यांनी ते जवळजवळ सर्व बाजूंनी वेढलेले आहे. येऊर ही त्याची ठाण्याकडची कड. या जंगलात बिबट्यांची संख्या पन्नाशीच्या आसपास मानली जाते आणि त्यांतले काही रात्री वस्तीच्या कडेने फिरतात, हे इथल्या जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेला माणसांवर हल्ले झाले, माणसे दगावली, मुले दगावली. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्यातल्या एका मॉलच्या आवारात बिबट्या शिरला आणि काही तासांनी जवळच्या एका हॉटेलात वनविभागाने त्याला बेशुद्ध करून पकडले, तेव्हा जीवितहानी झाली नाही. पण तो दिवस आमच्या पिढीच्या लक्षात राहिला. त्यामुळे ‘घाबरण्यासारखे काहीही नाही’ असे कोणी सांगू लागले, तर ते मला खरे वाटत नाही आणि पटतही नाही.

आमच्याकडे घडले ते एवढेच. पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी मागच्या सीसीटीव्हीत भिंतीवरून चालत जाणारा बिबट्या दिसला. चोवीस सेकंदांचे चित्रण होते. त्याने खाली उडी मारली नाही, आवारात पाऊल टाकले नाही, कुत्रा उचलला नाही. सकाळी सातपर्यंत ते चित्रण सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचले आणि त्या संध्याकाळपासून आमचे जगणे बदलले. बाग साडेसहाला बंद होऊ लागली. मुलांचे खाली खेळणे थांबले. पहाटे पाड्याकडच्या पायवाटेने कामाला येणाऱ्या बायकांना कोणी वाट बदला असेही म्हटले नाही आणि उशिरा या असेही म्हटले नाही. मात्र त्यांच्यासोबत यायला कोणी तयार नव्हते. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक काका मागच्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोपटात एकटेच बसत होते. मी तळमजल्यावर राहते आणि माझ्या निजायच्या खोलीची खिडकी डोंगराकडे उघडते. त्या खिडकीला मी आतून जाड चादर लावली आणि ती अडीच महिने काढली नाही.

सर्वसाधारण सभेत बहुतेकांची एकच मागणी होती : पिंजरा लावा. वनविभागाचे कर्मचारी येऊन समजावून गेले की, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो, त्याला पकडण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि नुसता दिसला म्हणून ती मिळत नाही. दुसरे कारणही त्यांनी सांगितले आणि ते अधिक महत्त्वाचे होते. एका जागचा बिबट्या उचलून दुसरीकडे सोडला की त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, आणि अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या माणसांच्या अधिक वाट्याला जातो. जुन्नर भागात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून हे पुढे आले होते आणि संजय गांधी उद्यानाच्या बाबतीत २०११ पासून वनविभाग, अभ्यासक व नागरिक यांनी मिळून जे काम उभे केले, त्यातही पिंजऱ्याऐवजी कचरा, उजेड आणि सावधपणा यांवरच भर होता. आम्ही सगळ्यांनी हे ऐकले, माना डोलावल्या आणि घरी जाऊन खिडक्या लावून घेतल्या. माहितीने माझी तरी भीती गेली नाही, आणि कार्यशाळेची गरज मला तिथे कळली.

या गटाला बोलावताना त्यांनी एक अट घातली. सभासदांच्या बरोबरीने सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि घरकामाला येणाऱ्या बायका यांनाही चारही रविवार बसवायचे, त्यांचा रोज कापायचा नाही, आणि ते येणार नसतील तर आम्हीही येणार नाही. कार्यकारिणीत यावर बरीच खळखळ झाली. ‘चित्रे काढायला मुलांना बोलवू, त्यांचा काय संबंध’ असे एक-दोघांनी म्हटले. अखेर अट मान्य झाली. माझ्या दृष्टीने संपूर्ण सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट ही अट आहे, कारण जी माणसे पहाटे पाचला आणि रात्री अडीचला त्या भिंतीजवळ असतात, ती खोलीत नसती तर आम्ही चार रविवार फक्त स्वतःच्या कल्पनेशी बोलत बसलो असतो.

पहिला रविवार साहित्य ओळखण्यात गेला. दोघी ताईंनी गेरूने सारवलेले कापडाचे तुकडे, तांदळाचे पीठ, डिंकाचे पाणी आणि बांबूच्या काड्या आणल्या होत्या. काडीचे टोक दाताने चावून किंवा दगडाने ठेचून त्याचे तंतू मोकळे करायचे, म्हणजे तिचा कुंचला होतो. पीठ पातळ झाले तर रेघ कापडात विरते आणि घट्ट झाले तर वाळल्यावर सोलून निघते. पाहिजे तेवढा दाटपणा यायला आमच्यापैकी बहुतेकांना तासभर लागला. वारली चित्रात माणूस दोन त्रिकोणांचा असतो, टोकाला टोक लावून उभा केलेला, आणि सूर्य-चंद्र गोलातून येतात. चौकोन मात्र जपून काढायचा असतो, कारण तो लग्नाचा चौक. त्यात पालघट देवी बसते, तो सवाशिणींनी लिहायचा आणि धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या वारली बाईने, गाणी म्हणायची. वारली लोक चित्र ‘काढले’ म्हणण्यापेक्षा ‘लिहिले’ म्हणतात, हे थोरल्या ताईंनी सांगितले तेव्हा खोलीतली शाळकरी मुले एकदम गप्प झाली होती.

भिंतीवरची ही कला कागदावर आली ती १९७० च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले, त्यांनी कागद दिले, आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ज्या बायकांच्या कलेत पुरुषांनी हात घातला नव्हता, ती रोजची चित्रकला म्हणून हाती घेतली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले ते २०१४ मध्ये. हे सगळे गटातल्या तरुणाने सांगितले, आणि चांगले सांगितले. फक्त ते पहिल्या रविवारी सांगण्यात पाऊण तास गेला आणि तेवढ्यात पीठ वाळले. एवढे बोलणे मुले कामाला लागल्यावर, हात चालू असताना सांगता आले असते.

वाघोबाचा विषयही त्याच दिवशी निघाला. वारली माणसांच्या बोलण्यात वाघ आणि बिबट्या असा भेद नेहमी होत नाही, दोन्ही वाघच. त्यांचा देव वाघोबा दगडाच्या किंवा लाकडाच्या पाटावर कोरलेला असतो, वर सूर्य आणि चंद्र. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांत वाघोबाची अशी दीडशेच्या आसपास देवस्थाने अभ्यासकांनी नोंदवली आहेत. दिवाळीआधीच्या द्वादशीला आपल्याकडे वसुबारस असते, त्याच दिवशी पाड्यांवर वाघबारस असते. वाघोबाला मान द्यायचा आणि आपल्या गुरांना व माणसांना सांभाळ म्हणून त्याच्याकडे मागायचे. आमच्यातल्या एका बाईंनी विचारले, ‘म्हणजे तुम्हाला भीती वाटतच नाही का?’ धाकट्या ताई म्हणाल्या, ‘वाटते की. वाटते म्हणून तर हात जोडतो.’ हे उत्तर त्यांनी फार साधेपणाने दिले आणि पुन्हा काडी ठेचायला लागल्या.

दुसरा रविवार नाट्यखेळाचा होता. त्या दिवसाबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण धाडस हा शब्द आमच्या बाबतीत मला तिथेच वापरावासा वाटतो. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक आगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात मांडलेली एक पद्धत या गटाने वापरली. आधी एक छोटा प्रसंग अडचणीच्या जागेपर्यंत करून दाखवायचा. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणायचे, उठून त्या पात्राच्या जागी उभे राहायचे आणि स्वतःला योग्य वाटेल तसे वागून दाखवायचे. पाहणारा नुसता पाहत बसू शकत नाही. आमच्यासाठी निवडलेला प्रसंग अर्थातच पहाटे २ वाजून ४० मिनिटांचा होता.

पहिल्यांदा तो प्रसंग तरुणानेच उभा केला. रक्षक बिबट्या पाहतो, थरथरत सचिवांना फोन करतो, सचिव म्हणतात, ‘फाटक सोडू नका, सकाळी बघू.’ एवढेच. दुसऱ्यांदा प्रसंग सुरू झाला तेव्हा बराच वेळ कोणी ‘थांबा’ म्हणाले नाही. फोनवरचे वाक्य आले तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला आणि आमचे रात्रपाळीचे काका उठले. ते परभणीकडचे, साठीच्या जवळचे, अकरा वर्षे आमच्याकडे आहेत आणि सभेत कधी बोललेले नाहीत. ते रक्षकाच्या जागी गेले नाहीत. ते सचिवांच्या जागी जाऊन उभे राहिले. फोन कानाला लावल्यासारखा हात धरला आणि म्हणाले, ‘तुम्ही आधी आत या. जिन्यात या, दार ओढून घ्या. मी खाली येतोय.’ मग हात खाली घेतला आणि जागेवर जाऊन बसले.

खोलीत आमचे खरे सचिव बसलेले होते. ते उठतील असे मला वाटले नव्हते. ते उठले, रक्षकाच्या जागी, म्हणजे त्या काल्पनिक खोपटात जाऊन बसले आणि पुन्हा करा म्हणाले. तो प्रसंग मग पाच-सहा वेळा वेगवेगळ्या माणसांनी केला. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी पायवाटेचा प्रसंग स्वतःहून मांडला : पहाटेचा अंधार, हातात डबा, मागे पाने वाजतात, पुढे फाटक बंद आणि हाक मारली तरी आत कोणाला जाग नाही. त्यांनी ज्या आवाजात ‘काका, फाटक’ अशी हाक मारली, ती हाक मी रोज पहाटे अर्धवट झोपेत ऐकत आले होते आणि ती भीतीची हाक आहे हे मला त्या दिवसापर्यंत कळले नव्हते. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो.

या सत्राबद्दल एक तक्रारही आहे. माणसे इतकी उघडी झाल्यावर त्यांना पुन्हा सावरायला वेळ द्यावा लागतो, तो दिला गेला नाही. बारा वाजले, सतरंज्या गुंडाळल्या, सगळे घरी गेले. एक मुलगी त्या रात्री झोपली नाही, असे तिच्या आईने मला नंतर सांगितले. गटाला हे कळवल्यावर त्यांनी ते मनावर घेतले आणि पुढच्या रविवारी शेवटचा अर्धा तास फक्त चहा आणि गप्पांसाठी ठेवला. तरीही, दहा वर्षांखालच्या मुलांना नाट्यखेळाच्या दिवशी बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या रविवारी प्रत्येकाने बिबट्या काढायचा होता. कापडे वाळत घातल्यावर थोरल्या ताई एकेक पाहत गेल्या. मी मोजली, बत्तीस कापडे होती, आणि सत्तावीस कापडांवर बिबट्या आपल्याकडे तोंड करून होता : जबडा वासलेला, दात बाहेर, नखे पसरलेली. काही मुलांनी तोंड इतके मोठे काढले होते की, शेपटीला जागा उरली नव्हती. ताईंनी कोणालाही चूक म्हटले नाही. त्यांनी विचारले, ‘तुमच्यात वाघ खरोखर कोणी पाहिलाय?’ हात वर गेले ते पाचच. रात्रपाळीचे काका, दोन सफाई कामगार, मावशी आणि आठवीतला एक मुलगा, जो मामाकडे येऊरला गेला असताना त्याला तो दिसला होता. ताई म्हणाल्या, ‘तुम्ही पाच जणांनी काय पाहिलं ते सांगा.’ काका म्हणाले, पाठ आणि शेपूट. मुलगा म्हणाला, शेपूट. मावशी म्हणाल्या, ‘आधी डोळे चमकले, मग पाठ फिरवली, मग दिसलाच नाही.’ त्या पाचही जणांची कापडे मग बाजूला काढून पाहिली, तर त्यांच्यापैकी एकाच्याही बिबट्याचे तोंड आपल्याकडे नव्हते. ज्यांनी त्याला पाहिले नव्हते, दात त्यांनीच काढले होते.

‘मग आता जाताना काढा,’ ताई म्हणाल्या. ‘आला तसा नको. जातो तसा काढा.’

बिबट्या मागून काढणे अवघड असते. मानेची रेघ खांद्यात कुठे मिसळते ते कळत नाही, मागचे पाय आधी येतात, शेपूट शरीराच्या अर्ध्याहून जास्त लांब असते आणि टोकाला किंचित वर वळते. वारली पद्धतीत तर दोनच रेघांत हे आणायचे असते. धाकट्या ताई शेजारी बसून माझा हात न धरता नुसते बोटाने हवेत दाखवत होत्या. ठिपके भरायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात आणि जंगलातल्या कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून अभ्यासक त्या ठिपक्यांनीच एकेका बिबट्याला ओळखतात, हे तरुणाने त्या वेळी सांगितले, आणि या वेळी सांगण्याची वेळ अचूक साधली. मी ठिपके भरत होते आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्या चोवीस सेकंदांतला बिबट्या मला एक प्राणी म्हणून आठवत होता : ओल्या भिंतीवर जपून पाय टाकणारा, कुठे तरी पोहोचायची घाई असलेला. माझ्या कापडावर मी खिडकीची चौकट काढली आणि तिच्या पलीकडे तो जात असलेला काढला. घरी आल्यावर खिडकीची चादर काढली आणि धुवायला टाकली.

हे चित्रातच का घडले आणि वनविभागाच्या सभेत का घडले नाही, याचा मी बराच विचार केला. सभेत जे सांगितले गेले ते शंभर टक्के खरे होते, पण ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर वासलेला जबडाच होता आणि त्या जबड्याशी कोणतीही आकडेवारी बोलू शकत नव्हती. चित्राने आधी तो जबडा बाहेर काढून कापडावर ठेवला, शेजारी इतरांचे जबडे ठेवले आणि मग ज्यांनी पाहिले त्यांना विचारले. यानंतर माहिती आत जायला जागा झाली. म्हणून या कार्यशाळेचा क्रम गटाने बदलू नये. साहित्य, खेळ, चित्र, भिंत, हाच क्रम योग्य आहे.

चौथा रविवार भिंतीचा होता आणि माझ्या मते तोच सर्वांत कच्चा होता. मागच्या कुंपणभिंतीचा साधारण चाळीस फुटांचा तुकडा रंगवायचा होता. वेळ अपुरा पडला, गर्दी जास्त झाली आणि एक मोठी चूक झाली : परंपरा राखण्याच्या आग्रहापायी भिंतीवर गेरू आणि तांदळाचे पीठच वापरले गेले. घराच्या आतल्या कुडाच्या भिंतीवर हे टिकते. ठाण्याच्या पावसात उघड्या सिमेंटच्या भिंतीवर टिकत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्धे चित्र वाहून गेले आणि मुलांना त्याचे फार वाईट वाटले. गटाने हे आधी सांगायला हवे होते. बाहेरच्या भिंतीसाठी टिकाऊ पांढरा रंग लागेल आणि त्याचा खर्च वेगळा पडेल, एवढे एक वाक्य पुरेसे होते.

भिंतीच्या निमित्ताने झालेले दुसरे काम मात्र पक्के झाले. रंगवण्याआधी ती जागा साफ करावी लागली आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी आमच्याच उपाहारगृहाचा आणि दोन इमारतींचा ओला कचरा पडतो, हे सगळ्यांनी हाताने उचलून पाहिले. कचऱ्याला कुत्रे येतात, कुत्र्यांना बिबट्या येतो. हे वाक्य सभेत चार वेळा उच्चारले गेले होते. पंधरा पोती कचरा वाहून नेल्यावर ते वेगळ्या तऱ्हेने कळले. त्या आठवड्यात झाकणाचे पिंप आले, मागच्या बाजूला दोन दिवे आले, पत्र्याचे खोपटे हलवून जिन्याच्या तोंडाशी दार असलेली पक्की खोली झाली आणि रात्री बारा ते पाच दोन रक्षक एकत्र बसू लागले. कामाला येणाऱ्या बायका आता मुख्य रस्त्याने उजाडल्यावर येतात आणि आम्ही नाश्ता अर्धा तास उशिरा करतो. फाटकावर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, तो मुलांनी लिहिला आहे.

खर्चाचे सांगते. आमच्याकडून चार सत्रांचे १४,००० रुपये घेतले, शिवाय साहित्याचे माणशी १२० रुपये. कर्मचाऱ्यांच्या साहित्याचे पैसे संस्थेने भरले. एका वेळी पस्तीसपेक्षा जास्त माणसे गट घेत नाही आणि ते बरोबर आहे. ठरलेल्या वेळेला ते चारही रविवार दहा मिनिटे आधी हजर होते. पावती मागितल्यावर हाताने लिहिलेली मिळाली. संस्थेच्या हिशेबतपासणीला ती चालली, पण ज्या संस्थांना रीतसर देयक लागते त्यांनी आधी बोलून घ्यावे. दोघी ताईंना मिळणारा वाटा आणि तरुणाला मिळणारा वाटा सारखा आहे, हे मी मुद्दाम विचारले आणि तिघांनीही एकमेकांसमोर सांगितले.

सगळ्यांची भीती गेली, असे नाही. आमच्याकडे दोन कुटुंबे अजूनही अंधार पडल्यावर बागेकडे फिरकत नाहीत, आणि त्यांना कोणी नावे ठेवू नयेत असे मला वाटते. लहान मुलांना संध्याकाळनंतर एकटे सोडायचे नाही, अंधारात वाकून किंवा उघड्यावर बसून राहायचे नाही, फिरताना बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालायचे, बिबट्या दिसला तर पाठलाग करायचा नाही, घेरायचे नाही आणि छायाचित्रासाठी पुढे जायचे नाही, हे सगळे ताईंनी पुन्हा पुन्हा बजावले. त्यांच्या पाड्यावर लहानपणी शेजारच्या घरातले मूल गेले आहे. ते त्यांनी तिसऱ्या रविवारी चहाच्या वेळी, कोणी विचारले नसताना, दोन वाक्यांत सांगितले आणि विषय बदलला. बिबट्याचे गोडवे गाणारी ही कार्यशाळा नाही. ज्यांना तसे काही हवे असेल त्यांनी यांना बोलावू नये.

वनविभागातील कोणी तरी निदान एका सत्राला असावे, ही माझी गटाला शेवटची सूचना आहे. बिबट्या जखमी दिसला तर काय करावे, पिल्लू सापडले तर हात लावावा की नाही, भरपाईचे नियम काय, असे प्रश्न आले आणि तेव्हा तिघांनीही ‘हे आम्ही सांगू नये’ असे प्रामाणिकपणे म्हटले. तो प्रामाणिकपणा मला आवडला, पण प्रश्न तसेच राहिले.

भिंत या वर्षी वाघबारसेला पुन्हा लिहिली. दोघी ताई आणि तो तरुण दुरुस्तीचे वेगळे पैसे न घेता आले, रंगाचा खर्च फक्त आम्ही केला, आणि या वेळी पांढरा रंग पावसात टिकणारा होता. रात्रपाळीच्या काकांनी दिवसाची झोप मोडून डावीकडच्या टोकाचा बिबट्या स्वतः काढला. त्याची शेपूट भिंत संपते तिथपर्यंत गेली आहे, आणि उरलेले टोक त्यांनी वळवून फाटकाच्या खांबावर घेतले आहे.